लेडी मॅक्बेथचा नाइटगाऊन आणि आमचा दोरीवरचा गाऊन

चिंचगूळ (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री १०:५२

लेकीला या वर्षी अभ्यासाला मॅक्बेथ आहे. काल जेवणं आटोपल्यावर ती मोठ्यानं वाचत होती आणि मी ओटा पुसत होते. पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश, बाई झोपेत चालतात तो. तिथली दासी वैद्याला सांगते, मी यांना पलंगावरून उठताना पाहिलंय. अंगावर नाइटगाऊन टाकतात, कपाटाचं कुलूप काढतात, कागद घेतात, लिहितात, वाचतात, मोहोर करतात आणि परत जाऊन पडतात. आणि हे सगळं गाढ झोपेत.

लेक थांबली. "आई, उठल्यावर नाइटगाऊन घातला ना? मग झोपली होती काय घालून?"

मी म्हटलं, स्कॉटलंड आहे बाई, थंडी असेल, वरून आणखी एक घेतला असेल. तिचं समाधान नाही. दुसरा अंक काढून दाखवला. खून पडलाय, दार धडाधड वाजतंय, आणि ही नवऱ्याला काय सांगते? चल, हात धुऊ, आणि तुझा नाइटगाऊन चढव, नाहीतर कुणी बोलवायला आलं तर आपण जागेच होतो हे दिसेल.

म्हणजे नाइटगाऊन पुरुषही घालायचे. आणि झोपायला नव्हे, तर झोपेतून उठून चार लोकांसमोर यायला. असं असेल तर त्याला 'नाइट' का म्हणायचं? दोन दिवस डोक्यात भुंगा आहे. इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते.

पाटावरवंटा | रात्री ११:०४

नाइट म्हणजे रात्र. गाऊन म्हणजे गाऊन. रात्री घालायचा गाऊन. धागा संपला.
पुढचा धागा : हातरुमाल हाताला का बांधत नाहीत?

मोरपिशी | रात्री ११:१०

पावं 😂😂
चिंचगूळ, मस्त प्रश्न आहे. वाचतेय.

सातवी_ड | रात्री ११:४८

पाटावरवंटा, जोडशब्दाचे दोन तुकडे कळले म्हणून जोडशब्द कळला असं नसतं. रातराणी कुठल्या संस्थानची राणी?

चिंचगूळ, तुमच्या लेकीनं अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. शेक्सपिअरच्या काळचा नाइटगाऊन हा झोपायचा कपडा नव्हताच. दिवसाचे कपडे म्हणजे बंद, नाड्या, बटणं, टाचण्या, आत कांबी. ते अंगावर चढवायला दुसरं माणूस लागायचं. संध्याकाळी घरी आल्यावर हा सगळा संसार उतरवायचा आणि वरून एक सैल, लांब, उबदार झगा घ्यायचा, तो नाइटगाऊन. सकाळी उठल्यावरही तोच, नीट कपडे होईपर्यंत. बायका-पुरुष दोघांचाही.

आठव्या हेन्रीनं १५३२ साली अ‍ॅन बोलिनला नाइटगाऊन दिल्याची नोंद त्याच्या खर्चाच्या हिशेबात आहे. काळं सॅटिन, आतून तफेता, काठाला मखमल. मखमल लावलेला झगा घालून कोण झोपेल?

आणखी गंमत म्हणजे हॅम्लेटची जी पहिली छापील प्रत निघाली, १६०३ ची, तिच्यात हॅम्लेटच्या मेलेल्या बापाच्या भुताच्या प्रवेशाला रंगसूचना आहे : नाइटगाऊनमध्ये भूत येतं. सुरुवातीला किल्ल्याच्या तटावर हेच भूत पायापासून डोक्यापर्यंत चिलखतात असतं. पण राणीच्या खोलीत, म्हणजे स्वतःच्या घरात, येताना घरचा झगा. आजच्या वाचकाला ते वाचून हसू येतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर फुलाफुलांचा गाऊन येतो. तेव्हाच्या प्रेक्षकाला गलबलून येत असणार. बाबा घरी आलेत.

ज्युलियस सीझर नाटकातसुद्धा विजा कडकडत असताना सीझर नाइटगाऊनमध्येच येतो. रोमन माणूस, इंग्लिश झगा. शेक्सपिअरला असल्या गोष्टींची फिकीर नसे.

चिंचगूळ | रात्री ११:५५

बाबा घरी आलेत 🙏 हे लेकीला आत्ताच वाचून दाखवलं.
पण मूळ प्रश्न राहिलाच. झोपायला काय?

सातवी_ड | बुधवार, सकाळी ७:२०

झोपायला दिवसभर आत घातलेला सदराच. पुरुषाचा शर्ट आणि बाईचा स्मॉक, दोन्ही लांब, पांढरे, तागाचे. तेच दिवसा सगळ्यात आत आणि रात्री एकटे. पैसेवाल्यांकडे रात्रीसाठी वेगळा, कशिदा केलेला शर्ट असे. आणि बऱ्याच लोकांच्या बाबतीत उत्तर आहे, काहीच नाही. इंग्रजीत तेव्हा 'नागडी शय्या' असा सर्रास शब्दप्रयोग होता. अर्थ एवढाच की झोपेतून थेट उठलेला माणूस. टॉमस किडच्या 'स्पॅनिश ट्रॅजेडी' नाटकात म्हातारा बाप आरडाओरडा ऐकून बाहेर येतो आणि विचारतो, कुणाच्या किंकाळ्यांनी मला माझ्या नागड्या शय्येवरून ओढून काढलं?

तेव्हा लेकीला सांगा, लेडी मॅक्बेथच्या अंगावर गाऊनखाली स्मॉक होता असं धरून चालू. नाटक कंपनीचीही सोय त्यातच होती.

मोरपिशी | सकाळी ८:०१

स्कॉटलंडच्या किल्ल्यात. नोव्हेंबरात. नागडी शय्या.
मला इथे पुण्यात जानेवारीत दोन गोधड्या लागतात.

वेदांग_७ | सकाळी ९:३५

सर्वांनी एक गोष्ट लक्षात घेतलेली दिसत नाही. 'गाऊन' हा शब्द मूळचा आपला आहे. संस्कृत गोणी, म्हणजे पोतं. गोणी – गोण – गाऊन. गाऊन दिसतोही गोणीसारखाच. इंग्रजांनी बरेच शब्द असेच उचललेले आहेत, आपण मात्र त्यांचे गोडवे गातो.

पाटावरवंटा | सकाळी ९:४१

दिसतोही गोणीसारखाच, एवढ्यापुरतं +१. बायकोला वाचून दाखवणार नाही.

सातवी_ड | सकाळी १०:१५

वेदांग, गोणी नाही हो. इंग्रजीत गाऊन आला जुन्या फ्रेंचमधल्या गून वरून, आणि फ्रेंचमध्ये आला उत्तरकालीन लॅटिनच्या गुन्ना वरून. गुन्ना म्हणजे कातड्याचा, लोकरी-केसाळ कपडा. आठव्या शतकात संत बोनिफेसच्या लिखाणात तो येतो. म्हाताऱ्या, आजारी भिक्षूंना जो केसाळ झगा वापरायची मुभा असे, तो गुन्ना. म्हणजे गाऊन मुळातच ऊब हवी असलेल्या, कामाच्या कपड्यातून सुटलेल्या माणसाचा कपडा. पुढे तो न्यायाधीशांच्या, वकिलांच्या, पदवीधरांच्या अंगावर गेला ही वेगळी गोष्ट.

पण तुमचं अर्धं म्हणणं मी वाया जाऊ देत नाही. 'नाइट' मात्र खरोखर आपल्या 'नक्त'चा सख्खा चुलतभाऊ आहे. लॅटिन नॉक्स, ग्रीक नुक्स, संस्कृत नक्त, सगळे एका कुळातले. दिवसा जेवायचं नाही, रात्री एकदाच जेवायचं, असा 'नक्त' उपास घरातल्या जुन्या बायका करायच्या, तोच नक्त. इंग्रजांनी तो उचलला नाही आणि आपणही दिला नाही, दोघांनाही आजोबांकडून मिळाला.

खिडकीतली_मनी | सकाळी १०:२८

अवांतर : मग नाइटमेअर मधली मेअर म्हणजे घोडी का?

सातवी_ड | सकाळी १०:३३

नाही, घोडीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'मेअर' नावाचं वेगळं भूत होतं, झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसणारं. दोन शब्द उच्चारानं एक झाले आणि चित्रकारांनी मग घोडीही काढली.

तसाच नाइट-रेल म्हणून एक कपडा होता, बायकांचा, खांद्यावरून घ्यायचा. त्यातल्या रेलचा रेल्वेशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत कपड्याला जो शब्द होता, तो घासून घासून रेल उरला.

पाटावरवंटा | सकाळी १०:३५

रात्रीची रेल्वे म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस. तिच्यात जे लोक जे घालून झोपतात त्यावर कुणीतरी प्रबंध लिहा.

तिरफळ | दुपारी १:१२

धागा जेवणाच्या सुट्टीत वाचला. पुरुषांच्या नाइटगाऊनचा विषय निघालाच आहे तर त्यात आपला धागा (सुताचा) खरंच आहे, आणि त्यासाठी संस्कृतात जायची गरज नाही, सुरतेला गेलं तरी पुरे.

सतराव्या शतकात इंग्लंड-हॉलंडमधल्या सुखवस्तू पुरुषांमध्ये पूर्वेकडच्या झग्यांचं खूळ आलं. सुरुवात डचांपासून. जपानच्या शोगुनच्या दरबारात हजेरी लावणाऱ्या डच व्यापाऱ्यांना रेशमी, कापूस भरलेले झगे भेट मिळायचे. ते इतके आवडले की मागणी पुरवता येईना, मग तसेच झगे कोरोमंडलच्या छिटाचे, म्हणजे आपल्या पूर्व किनाऱ्यावर तयार झालेल्या कापडाचे निघाले. इंग्रज सगळ्यालाच 'इंडियन गाऊन' म्हणायचे.

लंडनचा रोजनिशीवाला सॅम्युअल पीप्स. १ जुलै १६६१ ची नोंद : ड्रॉवरचं कपाट घेतलं ३३ शिलिंगांना आणि स्वतःसाठी इंडियन गाऊन ३४ शिलिंगांना. कपाटापेक्षा झगा महाग! आणि मार्च १६६६ मध्ये जॉन हेल्सकडे चित्र काढून घ्यायला बसला तेव्हा मुद्दाम इंडियन गाऊन भाड्यानं आणला. ते चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. घरी एक असताना भाड्यानं का, ते शेरवानी भाड्यानं आणणाऱ्या नवरदेवांना विचारा.

या झग्याला पुढे नाव पडलं 'बनियन'. गुजराती वाणियो, पोर्तुगीजांच्या तोंडी बनियान, तिथून इंग्रजी. वाण्यांच्या देशाकडून आलेला कपडा, म्हणून वाणी. अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले विद्वान, व्यापारी आपलं चित्र काढून घ्यायला बनियन घालून बसायचे. डोक्यावर विगऐवजी मऊ टोपी, अंगात बनियन, हातात पुस्तक. म्हणजे मी विचार करणारा माणूस आहे. बॉस्टनच्या निकोलस बॉयलस्टनचं कॉप्लीनं १७६७ साली काढलेलं चित्र शोधून बघा, काय ऐट आहे!

याच वाण्यावरून वडाला बॅनियन ट्री नाव पडलं, इराणच्या किनाऱ्यावर बंदर अब्बासजवळ वाण्यांनी ज्या वडाखाली देऊळ बांधलं होतं त्यावरून. आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी आतल्या मलमलीच्या सदऱ्यालाही तेच नाव दिलं. ते आपण परत घेतलं. म्हणजे आमचे वडील उन्हाळ्यात ज्या अवतारात गॅलरीत बसायचे तो अवतार सुरत-लिस्बन-लंडन-गिरगाव असा फिरून आलेला आहे.

खिडकीतली_मनी | दुपारी १:४०

आमच्याकडे आजोबा बनियन कधीच म्हणाले नाहीत, गंजीफ्रॉक म्हणायचे.

तिरफळ | दुपारी १:५२

तो तर आणखी दुरून आलाय. गंजी म्हणजे ग्वेर्नसी, इंग्लिश खाडीतलं बेट. तिथल्या विणलेल्या सदऱ्याला इंग्रज खलाशी ग्वेर्नसी फ्रॉक म्हणायचे.

वेदांग_७ | दुपारी २:१०

म्हणजे कापड आपलं, नाव आपलं, आणि चित्रं त्यांची. हेच तर मी म्हणतोय.

तिरफळ | दुपारी २:३१

यावर वाद नाही. त्यांच्या विणकरांनाही तेच खुपलं. छापील सुती कापड बाहेरून आणायला १७०० साली बंदी घातली, आणि तरी लोक ऐकेनात म्हणून १७२१ साली ते वापरायलाच बंदी. मधल्या काळात, १७१९ ला, लंडनमध्ये चिडलेले विणकर रस्त्यात बायकांच्या अंगावरचं छीट फाडत होते. कुणी काय घालून बाहेर पडावं यावर दंगा, हे नवीन नाही.

लेंग्याची_नाडी | दुपारी ३:०५

नमस्कार. तीन वर्षं फक्त वाचतोय, आज आयडीचं सार्थक करायची वेळ आली म्हणून पहिला प्रतिसाद.

बनियन झालं, पायजम्याचं काय? पाय अधिक जामा, फारसी. पायाचा कपडा. जामा म्हणजे कपडा, तोच आपल्या 'जामानिम्या'तला. हा इंग्रजांनी थेट उचललेला आहे, वेदांगजी, निर्धास्त असा. पण उचलताना दोन घोटाळे केले. एक, पायाच्या कपड्याला जे नाव होतं त्यात वरचा कोटही घातला. आता 'पायजमाचा वरचा भाग' असं म्हणावं लागतं, म्हणजे पायाच्या कपड्याचा हाताचा भाग. दोन, आपण जो घालून देवळात, लग्नात, सभेत जातो तो त्यांनी झोपायला लावला. लेंगा-झब्बा घालून माझा मामा लंडनला सकाळी दूध आणायला गेला होता, शेजारीण काळजीनं म्हणाली, बरं नाही का?

यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली हॉब्सन-जॉब्सन नावाचा कोश काढला, अँग्लो-इंडियन शब्दांचा. त्यात पायजम्याच्या नोंदीत म्हटलंय, की हा मुसलमानांकडून युरोपियनांनी घरात सैलावून बसायला आणि रात्री घालायला घेतला. पुढे एक किस्सा आहे तो भारी. लंडनचे दुकानदार हिंदुस्थानात जाणाऱ्या साहेबांना जे पायजमे विकायचे त्यातल्या काहींना खाली मोजे शिवलेले असत. एकानं जर्मिन स्ट्रीटच्या शिंप्याला विचारलं, हे पाय कशाला? शिंपी म्हणाला, "मला वाटतं साहेब, वाळवीमुळे असेल."

मोरपिशी | दुपारी ३:११

वाळवी 😂😂😂 साहेब म्हणजे दाराची चौकट वाटली की काय!
नाडीभाऊ, स्वागत. लिहीत राहा.

आबोलीचो_वळेसर | दुपारी ४:२०

मी म्हापशाची. हॉब्सन-जॉब्सनच्या त्याच नोंदीत आमचा गोवापण आहे, तो नाडीभाऊंनी गाळला!

ते दोघे म्हणतात, की ही सवय इंग्रजांनी बहुतेक पोर्तुगीजांकडून घेतली. पुरावा म्हणून फ्रान्स्वा पिरारचं वाक्य देतात. हा फ्रेंच माणूस. १६०२ साली त्याचं जहाज मालदीवला फुटलं, पाच वर्षं तिथे अडकला, मग १६०८ मध्ये गोव्यात पोचला तो आजारी, थेट राजाच्या हॉस्पिटलात. त्या हॉस्पिटलाचं त्यानं तोंडभरून कौतुक केलंय. तिथे 'काल्सों', म्हणजे विजारी, भरपूर असत, असं तो लिहितो, आणि वर म्हणतो, हिंदुस्थानातले पोर्तुगीज ते घातल्याशिवाय कधीच झोपत नाहीत.

म्हणजे लंडनचे लोक लांब शर्टात झोपत होते तेव्हा जुन्या गोव्यात साहेब विजार घालून घोरत होता. का, तर माझा अंदाज डासांचा. मांडवीकाठचे डास ज्यांनी सोसलेत ते मान्य करतील.

आमच्या आजीच्या कोकणीत पँटीला 'कालसांव'च. तोच पोर्तुगीज शब्द.

लेंग्याची_नाडी | दुपारी ४:२६

गाळला नाही हो, तो भाग फ्रेंचमध्ये होता म्हणून पुढे सरकलो होतो. कान पकडतो.

ट्युलिपवाला | सायं. ६:०३ (आमच्याकडे दुपार)

आइंडहोवनहून. तिरफळ यांनी डच लोकांच्या जपानी झग्याचं लिहिलंय त्याची शेपटी इथे अजून जिवंत आहे. त्या झग्याला डचमध्ये 'यापोन्स रोक' म्हणायचे, जपानी झगा. पुढे 'रोक' गळला, नुसतं 'यापोन' उरलं आणि त्याचा अर्थ झाला बाईचा कुठलाही पोशाख. आणि झोपायच्या गाऊनला शब्द काय? 'नाख्टयापोन'. शब्दशः रात्रीचं जपान! बोलताना नुसतं 'पोन' म्हणतात.

परवा बायकोसाठी दुकानात पाटी बघितली तेव्हा मला वाटलं जपानी माल आहे. चीनचा निघाला.

पाटावरवंटा | सायं. ६:३०

मी पहिल्या प्रतिसादात धागा संपवला होता. परत उघडतो. मला एवढंच सांगा, हा घरभर फिरणारा नाइटगाऊन शेवटी पलंगावर कधी चढला?

सातवी_ड | रात्री ९:१४

हळूहळू, आणि आधी उलट्या दिशेला जाऊन. हेच तर या शब्दाचं मला आवडतं.

अठराव्या शतकात बायकांचा नाइटगाऊन घराबाहेर पडला. दरबारी थाटाचा, मागे घोळ असलेला पोशाख नाही, साधा अंगासरशी बसणारा गाऊन, तो नाइटगाऊन. तो घालून फिरायला जायचं, कुणाकडे जायचं. फील्डिंगच्या 'जोसेफ अ‍ॅन्ड्रूज' कादंबरीत, १७४२ सालच्या, शेवटी फॅनीचं लग्न लागतं. जोसेफची बहीण पामेला तिला चांगलं काहीतरी घाल म्हणून आग्रह करते, पण ती पांढऱ्या सुती डिमिटीच्या नाइटगाऊनपलीकडे काही अंगाला लावायला तयार होत नाही. नाइटगाऊन घालून लग्न! आणि वाचणाऱ्याला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. फक्त पोरगी साधी आहे हे कळत होतं.

नाइट-ड्रेसचंही तेच. कवी अलेक्झांडर पोपच्या 'रेप ऑफ द लॉक' या काव्यात एक चिमटा आहे. नवीन नाइट-ड्रेस शिवून आला की या बायांना नवीन आजार होतो. कारण आजारी पडलं की बिछान्यात बसून पाहुण्यांना भेटता येतं आणि ड्रेस दाखवता येतो. झोपायचा कपडा दाखवायला कोण आजारी पडेल?

मग घरातल्या झग्याला 'ड्रेसिंग गाऊन' हा शब्द रुळला, बाहेरच्या पोशाखाला नुसतं ड्रेस. नाइटगाऊनला काम उरलं नाही तेव्हा तो पलंगावर जाऊन पडला. एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्थ आजच्यासारखा झालेला दिसतो, आणि उत्तरार्धात लाडानं नाइटी. पुरुष तोवर नाइटशर्टमध्ये होते, १८७० नंतर पायजम्यात शिरले.

म्हणजे 'नाइट'चा अर्थ आधी रात्र असा कमी आणि 'आता आज कुणाकडे औपचारिक जायचं नाही' असा जास्त होता.

खिडकीतली_मनी | रात्री ९:४०

थांबा थांबा. साधा, घरातला, पण कोपऱ्यावर जायला चालणारा, चार बायकांत उभं राहायला चालणारा. हा तर आपला गाऊन झाला!

आमच्या सोसायटीत सकाळी साडेसातला दूधवाल्याकडे बघा. गाऊन, वर ओढणी. कचऱ्याच्या गाडीला, गाऊन. भाजीच्या गाडीला, गाऊन, ओढणी, पायात स्लीपर, हातात नवऱ्याचा फोन. आमची सासू आधी नावं ठेवायची, 'रात्रीचे कपडे घालून दिवसा हिंडतात'. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला साडी नेसवेना, तेव्हापासून तिचेच चार आहेत. खिसा असलेले हवेत म्हणून हटून बसते.

मोरपिशी | रात्री ९:५५

पण दंडही झालेत बरं का यावरून. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळानंच फतवा काढला होता, दिवसा गाऊन घालून घराबाहेर दिसली की ५०० रुपये. पेपरात आलं होतं. आणि २०१८ ला आंध्रात, पश्चिम गोदावरीतल्या तोकलपल्लीत, सकाळी सात ते संध्याकाळी सात नाइटी बंद, दंड २,००० आणि चहाडी करणाऱ्याला १,००० बक्षीस.

मला चीड येते यावर. लेंगा-बनियनवर नाक्यावर उभ्या असलेल्या बाप्यांना कुणी ५ रुपये दंड केलेला ऐकला नाही. तिरफळ म्हणाले ना, कुणी काय घालून बाहेर पडावं यावर दंगा जुनाच. फक्त फाडणारे बदलतात.

वेदांग_७ | रात्री १०:०२

प्रत्येक गोष्टीला जागा असते. झोपायचा कपडा बाहेर घालू नये एवढंच त्यांचं म्हणणं असावं.

खिडकीतली_मनी | रात्री १०:०६

वेदांगदादा, पण तो झोपायचा आहे हे ठरवलं कुणी? मी रात्री झोपताना टीशर्ट आणि नाइटपँट घालते. सकाळी उठले की वरून... आई गं!!!

चिंचगूळ | रात्री १०:१५

मने 😂 तू लेडी मॅक्बेथ आहेस.

आता मला कळलं काय खटकत होतं. मी मराठीत विचार करून बघितला. आपल्याकडे झोपायच्या कपड्याला शब्दच नाही. रात्रीचे कपडे, झोपायचे कपडे, असं फोड करून सांगावं लागतं. माझी आजी नऊवारी नेसायची आणि त्यातच झोपायची. रात्रीचं लुगडं म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं. नव्याचं बाहेरचं, बाहेरच्याचं घरातलं, घरातल्याचं रात्रीचं, मग दुपटी आणि गोधडी, मग पुसणं. आपल्याकडे कपड्यांची वाटणी दिवस आणि रात्र अशी नव्हतीच. घरातले आणि बाहेरचे, अशी होती. बाहेरून आलं की आधी 'घरातले घाल'. रात्रीचे घाल असं आई कधी म्हणाली नाही.

त्यामुळे इंग्रजीचा हा जोडशब्द आपल्या दारात आला तेव्हा बाकीचे 'नाइटी' म्हणाले, पण मराठी घरांनी त्यातली 'नाइट' अलगद काढून टाकली आणि 'गाऊन' ठेवला. मुलीला शर्ट-पायजम्याचा 'नाइटड्रेस', आईला 'गाऊन'. न कळत आपण त्याला त्याच्या जुन्या जागी नेऊन बसवलं.

सातवी_ड | रात्री १०:३१

हे मी लिहायला हवं होतं. टोपी उतरवली आहे.
एकच दुरुस्ती. 'मॅक्सी' म्हणणारीही घरं बरीच आहेत, दादर-परळकडच्या चाळींत विशेष. पण तिथेही 'नाइट' नाहीच, म्हणजे तुमचा मुद्दा पक्काच होतो.

पाटावरवंटा | रात्री १०:४४

बायकोला वाचून दाखवला. गोणीवाला प्रतिसाद तिनंच स्क्रोल करून शोधला. आज बाहेरच्या खोलीत आहे, घरातल्याच कपड्यात.

चिंचगूळ | शनिवार, दुपारी ४:५०

धागा वर काढतेय, क्षमस्व, पण सांगायलाच हवं.

काल लेकीच्या वर्गात तो प्रवेश वाचून-करून दाखवायचा होता. ती लेडी मॅक्बेथ. बाकीच्या मुली म्हणाल्या, पांढरा फ्रॉक घाल, मेणबत्ती घे, केस सोड. ही म्हणाली, नाही, मी सदरा-पायजम्यावर येणार, पलंगावरून उठणार आणि मग सगळ्यांसमोर गाऊन अंगावर टाकणार, कारण दासी तसंच म्हणते. त्यासाठी दोरीवरचा माझा गाऊन नेला, निळा, बाटिकचा, एका खिशाला हळदीचा डाग असलेला.

संध्याकाळी विचारलं, कसं झालं? म्हणाली, छान झालं, हात धुताना हळदीचा डाग कामाला आला. मग जरा घुटमळली.

"आई, एक चुकलं. गाऊन घातला आणि सवयीनं ओढणीपण घेतली."

म्हटलं, अगं झोपेत चालणारी बाई ओढणी कुठून घेईल?

म्हणाली, "वैद्य उभा होता ना समोर."